जतच्या माळावरून काढलेल्या मृगाच्या फोटोत लाल कमान आलीय. कॅमेऱ्याचा दोष की खरंच काही?

माळरान (धागाकर्ता), रविवार सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातला, नोकरीनिमित्त सांगलीत असतो. सांगलीच्या गच्चीवरून या दिवसांत आकाशात फारसं काही हाती लागत नाही. गळीत हंगाम, पेटवलेल्या पाचटाचा धूर, नदीवरचं धुकं आणि शंभर फुटी रस्त्याचे दिवे. म्हणून अमावास्येचा शनिवार धरून गावी गेलो आणि आमच्या शाळवाच्या रानात बांधावर ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) मांडला.

५० मिमीची लेन्स, ॲपर्चर २.८, आयएसओ १६००. रात्री साडेनऊपासून ९० सेकंदांचे ६० फोटो, म्हणजे एकूण दीड तासाचा उजेड. मृग नक्षत्र तेव्हा जवळपास डोक्यावर होतं. सुट्या फोटोत नुसते तारे दिसतात. पण पहाटे लॅपटॉपवर साठही फोटो एकावर एक रचून उजेड ताणला, तशी त्रिकांडाच्या, म्हणजे मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांच्या, डाव्या अंगाला एक लालसर कमान वर आली. बीटलज्यूसच्या खालून निघते, त्रिकांडाला वळसा घालते आणि खाली रायजेलच्या दिशेनं विरत जाते. हात लांब करून मूठ धरली तर मुठीपेक्षाही मोठी.

शंका अशा: (१) पूर्वेला पवनचक्क्यांवर लाल दिवे लुकलुकतात, त्यांचा उजेड आला असेल. (२) बीटलज्यूस स्वतः लालसर आहे, त्याचं प्रतिबिंब लेन्सच्या काचांत पडलं असेल. (३) कॅमेरा जुना, कोल्हापुरात एकाकडून घेतलेला. सेन्सरपुढचा फिल्टर आधीच्या मालकानं काढून टाकलाय असं तो म्हणाला होता. त्यामुळं काहीतरी बिघडलं असेल.

पडद्यावर ती कमान आली तेव्हा छातीत धडधडत होतं. खरी आहे की नाही हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. जाणकारांनी सांगावं.

पेवातली_हळद, रविवार सकाळी ९.०२

दादा, फोटो सुंदर आलाय. पवनचक्कीच्या दिव्यांचा उजेड असता तर क्षितिजाकडं दाट आणि वर जाईल तसा फिका असा पट्टा आला असता. कमानीला कड आलीच नसती. तरी खात्री करायची तर सोपी पद्धत आहे. पुढच्या वेळी निम्मे फोटो झाले की कॅमेरा लेन्सच्या अक्षावर ९० अंश फिरवा. दोष काचेत किंवा सेन्सरमध्ये असेल तर कमान चौकटीबरोबर फिरेल. आकाशातली असेल तर ताऱ्यांना धरून राहील.

मिरज_रेडिओ, रविवार दुपारी १.४५

माळरान, कॅमेऱ्याला बोल लावू नका. तुम्ही बर्नार्डची कमान टिपली आहे. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड या अमेरिकन निरीक्षकानं १८९४ मध्ये फोटोंच्या काचांवर ती नोंदवली. पुढं शार्पलेसच्या तेजोमेघांच्या १९५९ च्या यादीत तिला २७६ वा क्रमांक मिळाला. तुम्ही सांगताय ती जागा, तो वळसा, सगळं तंतोतंत जुळतं.

आणि तुमच्या तिसऱ्या शंकेतच उत्तर आहे. ती कमान आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेल्या, हायड्रोजनची आहे. तिचा बहुतेक उजेड एकाच लाल रंगात येतो, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. बाजारातल्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढं जो फिल्टर असतो तो नेमका या लालाचा मोठा वाटा अडवतो, कारण माणसांच्या चेहऱ्यांचे रंग नैसर्गिक यावेत. तुमच्या कॅमेऱ्यात तो नाही, म्हणून दीड तासात एवढं आलं.

आता मुळाशी जाऊ, कारण गोष्ट एका कमानीपुरती नाही. हायड्रोजनचा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि त्याच्याशी बांधलेला एक इलेक्ट्रॉन. ही गाठ सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लांबीचा अतिनील किरण हवा. सूर्यासारखा तारा असे किरण फारच थोडे देतो. २५-३० हजार अंशांच्या पुढचे निळे, तापट तारे मात्र ते भरभरून सोडतात. मृगात असे तारे पुष्कळ आहेत. मृगाच्या त्या प्रसिद्ध तेजोमेघाच्या पोटात जे चार ताऱ्यांचं समलंब आहे, त्यातल्या एकट्या थीटा-वन ओरायनिस-सी या ताऱ्यानं भोवतालचा कित्येक प्रकाशवर्षांचा हायड्रोजन फोडून ठेवलाय. तो मेघ आपल्यापासून साधारण १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे.

तारा किती लांबपर्यंतचा वायू फोडू शकतो याचा हिशोब डेन्मार्कच्या बेंग्ट स्ट्रॉमग्रेननं १९३९ मध्ये मांडला. एका सेकंदात जेवढे अतिनील किरण ताऱ्यातून निघतात, तेवढेच अणू त्या गोलात दर सेकंदाला पुन्हा जुळतात. हिशोब जिथं बरोबर सुटतो तिथं गोलाची कड. कड बऱ्यापैकी धारदार असते, आणि त्यापलीकडं पुन्हा साधा, शांत हायड्रोजन.

यवतेश्वरची_बाई, रविवार सायंकाळी ६.३०

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. दोन प्रश्न आहेत, आणि मुलींनी हेच विचारले तर मला नीट सांगता यायला हवं. पुस्तकात अशा भागांना 'एच-टू' म्हणतात. मग हा हायड्रोजनचा रेणू का? आणि दुसरं, इलेक्ट्रॉनच सुटून गेला तर उजेड कोण देतं? उघड्या प्रोटॉनजवळ देण्यासारखं काय उरलं?

मिरज_रेडिओ, रविवार रात्री ९.२०

बाई, दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे.

पहिल्याचं उत्तर छोटं: नाही. वर्णपटशास्त्रात रोमन आकडा लावायची जुनी रीत आहे. एक म्हणजे अखंड अणू, दोन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला. दोन अणूंचा रेणू लिहिताना दोनचा आकडा खाली, बारीक लिहितात. बोलताना दोन्ही 'एच-टू'च ऐकू येतात, म्हणून फळ्यावर लिहूनच दाखवा.

आता दुसरा. तुम्ही म्हणता ते खरं आहे, उघडा प्रोटॉन काही देत नाही. उजेड येतो तो फाटाफुटीच्या वेळी नाही, पुन्हा जुळताना. भटकणारा इलेक्ट्रॉन कुठल्यातरी प्रोटॉनच्या ओढीत सापडतो. पण तो थेट तळाशी जाईलच असं नाही. बऱ्याचदा वरच्या कुठल्यातरी पायरीवर अडकतो आणि मग एकेक, दोन-दोन पायऱ्या उतरत खाली येतो. कृष्णेच्या घाटावर पोरं उड्या मारत उतरतात ना, तसं. प्रत्येक उडीला त्या उंचीएवढा प्रकाशाचा कण बाहेर पडतो. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आला की तो ६५६.३ चा लाल कण. चौथीवरून दुसरीवर आला तर ४८६.१ चा निळसर. त्यातली लाल उडी जास्त वेळा घडते, म्हणून फोटोत लाल.

म्हणजे माळरानच्या फोटोतला लाल ठिपका न् ठिपका ही एका घरी परतलेल्या इलेक्ट्रॉनची खूण आहे. परत आल्यावर जवळचा तारा पुन्हा त्याला फोडतो. तेजोमेघाच्या दाट भागात हे चक्र काही दशकांतच फिरतं. विरळ भागात मात्र एकदा सुटलेला इलेक्ट्रॉन लाखो वर्षं एकटा हिंडतो.

सज्जनगडपायथा, सोमवार सकाळी ७.१५

माझा अनुभव सांगतो. कासच्या रस्त्याला एका शेतात आठ इंची दुर्बीण लावून मृगाचा तेजोमेघ कित्येकदा पाहिलाय. लाल कधीच दिसला नाही. राखाडी, आणि हवा स्वच्छ असली तर हिरवट. पंख पसरलेल्या वटवाघळासारखा. पहिल्यांदा मला वाटलं, फोटोवाले रंग चढवतात.

मग वाचलं. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना ६५६ चा लाल जवळपास दिसतच नाही. हिरव्या भागात त्यांची नजर तीक्ष्ण असते, आणि तेजोमेघाच्या वर्णपटात नेमकी तिथं ५००.७ नॅनोमीटरची एक जोरकस रेषा आहे. ती विल्यम हगिन्सनं १८६४ मध्ये एका ग्रहसदृश तेजोमेघात पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून नवीनच मूलद्रव्य कल्पून 'नेब्युलियम' असं नाव पडलं. तब्बल ६३ वर्षं त्या रेषेचं कोडं सुटलं नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवलं की हा आपला ओळखीचा ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत ही रेषा उमटत नाही, कारण अणूला ती सोडायला लागणारी उसंत मिळायच्या आतच दुसऱ्याचा धक्का बसतो. तिथं वर मात्र कुणी धक्का द्यायलाच नाही.

माळरान, सोमवार सकाळी १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री तीनदा वाचलं. एक विचारतो, ही कमान म्हणजे धुकं किंवा ढग समजायचा का? किती दाट आहे?

पेवातली_हळद, सोमवार दुपारी १२.०५

धुकं फार दाट झालं हो. आपण श्वास घेतो त्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू आहेत. मृगाच्या तेजोमेघात, जो एवढा झळकतो, तिथं हजार ते दहा हजार कण. तुमच्या कमानीत मोजकेच दोन-चार. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या निर्वात नळीतही याहून कितीतरी जास्त कण असतात.

मग दिसतं कसं? खोलीमुळं. कमानीची जाडी कित्येक प्रकाशवर्षांची. नजर तिच्यातून आरपार जाताना इतके कण ओळीनं साचतात की उजेड मोजण्याजोगा होतो.

गणित_वाळवा, सोमवार दुपारी ३.३०

हे मेघनाद साहांच्या समीकरणाचंच उदाहरण ना? १९२० चं. तापमान वाढलं की आयनीभवन वाढतं. या वायूचं तापमान आठ-दहा हजार अंश सांगतात, तेव्हा सरळ सूत्रात घातलं की झालं.

मिरज_रेडिओ, सोमवार सायंकाळी ७.५०

साहांचं काम फार मोठं, ताऱ्यांच्या वर्णपटांची किल्ली त्यांनीच दिली. पण इथं ते सूत्र लावू नका. ते जिथं कण एकमेकांवर सतत आदळून उष्णतेचा समतोल साधतात तिथलं आहे, म्हणजे ताऱ्याच्या वातावरणातलं. ताऱ्यांमधल्या जागेत फोडाफोडी करतो तो लांबून आलेला एकेक अतिनील किरण. वायू गरम आहे म्हणून फुटला असं नाही. फुटताना इलेक्ट्रॉन वेगानं उडाले म्हणून वायू गरम झाला. आणि 'आठ हजार अंश' ऐकून भट्टी डोळ्यांसमोर आणू नका. एवढ्या विरळ वायूत थर्मामीटर धरला तर तो गारठून जाईल, कारण त्याच्यावर आदळायला कणच नाहीत.

आता जे मला खरं सांगायचंय त्याकडं येतो. तेजोमेघ आणि कमानी हा या वायूचा दिसणारा, थोडका भाग. आपल्या आकाशगंगेतल्या आयनीभूत हायड्रोजनचा जवळपास ९० टक्के वाटा कुठल्याच तेजोमेघात नाही. तो ताऱ्यांच्या मधल्या 'रिकाम्या' जागेत पसरलाय, चकतीच्या वर आणि खाली हजारो प्रकाशवर्षांपर्यंत. दोन चहाचे चमचे भरतील एवढ्या जागेत एखादा प्रोटॉन आणि एखादा इलेक्ट्रॉन, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी.

त्याचा पहिला पुरावा रेडिओतून आला. १९६३ मध्ये फ्रेड हॉईल आणि जी. आर. ए. एलिस यांनी दाखवलं की अगदी कमी कंप्रतेला आकाशगंगेचा रेडिओ आवाज एकदम मंदावतो. वाटेत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा थर असल्याशिवाय असं होणार नाही. (हे हॉईल म्हणजे आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. मला हा धागा नेहमी जवळचा वाटतो.) पुढं विस्कॉन्सिनच्या रॉन रेनल्ड्स यांनी आयुष्य घालून या थराचा फिका लाल उजेड मोजला. त्यांच्या गटानं २००३ मध्ये उत्तर आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. उपकरण जिकडं वळवावं तिकडं ती लाल रेषा मिळाली. एकही दिशा कोरी नव्हती.

तापट ताऱ्यांपासून इतक्या लांब फोडणारे किरण पोचतात कसे, हा प्रश्न पुष्कळ वर्षं छळत होता. मधला साधा हायड्रोजन ते पिऊन टाकायला हवा होता. पण ताऱ्यांचे वारे आणि स्फोट यांनी वायूत बोगदे आणि पोकळ्या पाडलेल्या आहेत, त्यांतून किरण निसटतात. तुमची बर्नार्डची कमानसुद्धा अशाच एका प्रचंड फुगवट्याची कड मानतात.

कुंभारखिंड, सोमवार रात्री १०.१५

काका, डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही, तर इतकं नेमकं मोजतात कसं?

मिरज_रेडिओ, मंगळवार सकाळी ६.४०

पल्सारवरून. आणि ते आपल्या महाराष्ट्रातच बघायला मिळतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी ती लोकांना पाहायला खुली असते. दोनदा जाऊन आलोय.

पल्सार म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिदाट गाभा), १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला सापडला. त्याचा रेडिओ ठोका सगळ्या कंप्रतांवर एकदमच निघतो. पण वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन भेटले की कमी कंप्रतेच्या लहरी मागं पडतात. जितके इलेक्ट्रॉन जास्त, तितका उशीर जास्त. बी ०३२९+५४ नावाचा पल्सार घ्या. त्याचा ठोका दर ०.७१ सेकंदाला येतो. ६०० मेगाहर्ट्झवर ठोका पोचल्यावर तोच ठोका ३०० मेगाहर्ट्झवर यायला सुमारे ०.९ सेकंद जास्त लागतो. म्हणजे मागचा रेंगाळतोय तोवर पुढचा येऊन ठेपलेला असतो. हा उशीर मोजला की त्या वाटेवरच्या साऱ्या इलेक्ट्रॉनांची बेरीज हातात येते.

सांगलीकरांना हे वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलावरची फूटपट्टी बघतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पट्टी एकाच जागी आहे, पण तिच्यावरचा आकडा वरच्या सगळ्या खोऱ्यात काय पडलं ते सांगतो. पल्सारचा उशीर ही तशीच एक पट्टी. अशा हजारो पट्ट्या वेगवेगळ्या दिशांना मिळाल्यात, त्यांतून वायूचा नकाशा तयार होतो.

यवतेश्वरची_बाई, मंगळवार दुपारी ४.१०

मुलींना आज पायऱ्यांचं उदाहरण सांगितलं. शाळेच्या जिन्यावरच उभं केलं. चौथ्या पायरीवरून एकदम दुसरीवर उडी मारणारीला निळी ओढणी, तिसरीवरून येणारीला लाल. एकीनं विचारलं, 'बाई, पहिल्या पायरीवर उतरताना कुठली ओढणी?' मी म्हटलं, तो अतिनील, डोळ्याला दिसतच नाही, तू ओढणीशिवाय उतर. तिला ते पटलं.

आणखी एक विचारत होती, कुणी तिथं जाऊन हे इलेक्ट्रॉन मोजलेत का?

पेवातली_हळद, मंगळवार सायंकाळी ५.५५

मोजलेत! व्हॉयेजर-१ हे अवकाशयान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर पडलं. २०१३ च्या एप्रिल-मे मध्ये सूर्यावरच्या एका उद्रेकाची लाट तिथवर पोचली आणि भोवतालचा वायू थरथरला. त्या थरथरीची कंप्रता २.६ किलोहर्ट्झच्या आसपास होती, माणसाच्या कानाच्या टप्प्यातली. त्यावरून घनता निघाली, दर घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन. पुढं २०२१ मध्ये त्याच यानाच्या नोंदींतून एक बारीक, न थांबणारी गुणगुणही सापडली. आता उद्रेकाची वाट न बघताही तिथली घनता कळू शकते. बाई, मुलींना हे नक्की सांगा. माणसानं बनवलेली वस्तू या वायूत आत्ता आहे.

सज्जनगडपायथा, मंगळवार रात्री ८.२०

माळरान, एक सुचवतो. त्याच फोटोत मृगाच्या डोक्याकडं बघा, जिथं तीन बारीक ताऱ्यांचा झुबका आहे, आपलं मृगशीर्ष. त्यातला मेइसा हा तापट तारा आहे. त्याच्याभोवती मोठं लाल कडं असायला हवं, तेही हायड्रोजनचंच. पंचांगात रोज नाव घेतो त्या नक्षत्राभोवती हे कडं आहे हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

माळरान (धागाकर्ता), पुढचा रविवार सकाळी ७.३०

काल पुन्हा गावी जाऊन आलो. चंद्र मावळायची वाट बघितली, मग सुरू केलं. हळदताईंनी सांगितलं तसं ४० फोटो सरळ आणि ४० फोटो कॅमेरा ९० अंश फिरवून. दोन्ही गठ्ठे वेगवेगळे रचले. कमान ताऱ्यांना धरून राहिली, जागची तसूभर हलली नाही.

पवनचक्क्यांची शंकाही मिटवली. त्याच उंचीवर पश्चिमेला कॅमेरा वळवून २० फोटो घेतले, आणि पूर्वेला चक्क्यांच्या बाजूला २०. पूर्वेकडं तळाशी फिकट पट्टा आला, अगदी सांगितला तसा. कमान कुठंच नाही. शेजारच्या दोस्ताकडं फिल्टर असलेला साधा कॅमेरा होता, त्यानं त्याच वेळी तेवढेच फोटो काढले. त्याच्यात कमान आहे, पण आधी माहीत असेल तरच दिसावी इतकी पुसट.

मेइसाभोवतीचं कडंही मिळालं. पहिल्याच आठवड्याच्या फोटोत होतं, मी त्याला चौकटीच्या कडेचा काळवंडलेपणा समजून कातरून टाकलं होतं.

सकाळी वडिलांना लॅपटॉपवर दाखवलं. ते शाळवाला पाणी सोडून आले होते, हात ओले होते म्हणून पडद्याला न लावता हवेतच बोटानं कमान गिरवली. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "म्हंजे जून म्हैन्यात आपण मृगाची पेरणी करतो, तवा हे दिवसा डोक्यावर असतंय?"

मी म्हटलं, व्हय. सूर्याच्या पलीकडं, जरासं दक्षिणेला.